मामा गाडीने येणार होते, आले बसने : सॉकेट, कॉलबॅक आणि दोन पत्त्यांचा घोळ

मागच्या पावसाळ्यात अमळनेरच्या एका मका-कापसाच्या व्यापाऱ्याचा सकाळी सकाळी फोन आला. "भो, तुनं मशीन सकायपासून नुसतं गोल गोल फिरी ऱ्हायनं, वजन काही जात नई." त्यांच्या वजनकाट्याशेजारी आमचा एक छोटा लिनक्सचा डबा ठेवलेला आहे, ट्रॅक्टर काट्यावर उभा राहिला की वजन उचलायचं आणि सर्व्हरला पाठवायचं एवढंच त्याचं काम. मी नेहमीचे प्रश्न विचारले, राउटर बंद-चालू केला का, वायर हलली का वगैरे. शेठनी आदल्याच दिवशी नवीन फायबर घेतलं होतं. मोबाईलवर व्हिडिओ पळत होते, टीव्ही चालत होता, फक्त आमचाच डबा अडकलेला. मोबाईलचा हॉटस्पॉट दिला की डबा चालू, फायबरला जोडला की परत गोल गोल.

साहजिकच मी सगळा दोष फायबरवर ढकलला. दोन दिवस खाली डोकं वर पाय केल्यावर कळलं की फायबरच्या जोडणीत थोडी गडबड होती खरी, पण त्या गडबडीने बाकी कोणाचंच काही अडलं नव्हतं, अडलं ते माझ्या कोडमधल्या चार ओळींमुळे. त्या चार ओळी काय होत्या ते सांगायला हा लेख. कोड न लिहिणाऱ्यालाही समजेल असा प्रयत्न करतो, कारण "वायफायवर हे एकच अ‍ॅप चालत नाही, डेटावर चालतं" ही तक्रार आजकाल घरोघरी आहे आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी हीच भानगड असते.

## आधी पत्त्यांची गोष्ट

इंटरनेटवरच्या प्रत्येक मशीनला पत्ता लागतो. जुना पत्ता म्हणजे आयपीव्ही४, १९८१ साली ठरलेला, ३२ बिटचा, म्हणजे ३२ शून्य-एकांचा. ३२ बिटमध्ये एकूण ४२९ कोटींच्या आसपास पत्ते बसतात, तेव्हा ते डोंगराएवढे वाटले असणार, आता नुसते भारतातले मोबाईल मोजायला बसलात तरी घाम फुटेल. जगाचा मूळ साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला, म्हणजे शेवटचे मोठे गठ्ठे वेगवेगळ्या खंडांच्या संस्थांना वाटून झाले, आणि आपल्या आशिया-पॅसिफिक भागाचा नेहमीचा साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये आटला. तेव्हापासून जुगाड चालू आहे, एका पत्त्यामागे शेकडो घरं, एकाच गेट नंबरवर अख्खी कॉलनी असते तसं.

खरा उपाय म्हणजे आयपीव्ही६. १९९८ साली त्याचं स्पेसिफिकेशन आलं, १२८ बिटचा पत्ता, एकूण पत्ते ३४ वर ३७ शून्यं. अडचण एकच, जुना आणि नवा पत्ता एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत. म्हणून गेली कित्येक वर्षं दोन्ही शेजारी शेजारी चालू आहेत. या दोन जातींनाच अ‍ॅड्रेस फॅमिली म्हणतात, हा शब्द एकदा लक्षात ठेवा, पुढे मी नुसतं चार आणि सहा म्हणेन.

आपल्याकडे सहा हा काही लांबचा पाहुणा नाही बरं का. २०१६ मध्ये जिओ आलं तेच सहावर मोठा भर देऊन, त्यामुळे पिंपळनेर-साक्रीकडचा शेतकरी बांधावर बसून हवामान बघतो तेव्हा तो बहुतेक वेळा सहाच वापरत असतो, त्याला माहीत नसतं एवढंच. आणि त्याला माहीत असायची गरजही नाही, माहिती असायला पाहिजे ती माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला.

तर एखाद्या सर्व्हरचं नाव विचारलं की उत्तरात दोन्ही प्रकारचे पत्ते मिळू शकतात. तुमच्या मशीनने आधी एक ट्राय करायचा, तो लागला नाही तर दुसरा. या "नाही लागला तर दुसरा" ला म्हणतात फॉलबॅक.

## सॉकेट म्हणजे काय, कॉलबॅक म्हणजे काय

आता मामांना आणूया. खान्देशातल्या निम्म्या घरांचं कोणी ना कोणी सुरतला असतंच, आमचे मामाही उधन्याला. समजा घरी लग्न आहे आणि मामा येणार आहेत अमळनेरला. दोन रस्ते. एक रेल्वे, उधना-नंदुरबार-दोंडाईचा करत सरळ अमळनेर स्टेशन. दुसरा बस, नवापूर-साक्री-धुळे करत अमळनेर बस स्टँड.

मामा रेल्वेने येणार म्हणून तुम्ही भाच्याला गाडी देऊन स्टेशनवर बसवता आणि सांगता, "मामा दिसले की फोन कर, तोवर मी मंडपाचं बघतो." हा जो "झालं की फोन कर" आहे ना, तोच कॉलबॅक. प्रोग्रॅम स्वतः दारात उभा राहून वाट बघत बसत नाही, तो सिस्टिमला सांगतो की इथे काही हललं की माझं हे फंक्शन, म्हणजे कोडचा हा तुकडा, बोलव, आणि दुसऱ्या कामाला लागतो. शंभर कनेक्शन एकाच वेळी सांभाळायची तर दुसरा मार्गच नाही, शंभर ठिकाणी कोण उभं राहणार.

आणि सॉकेट म्हणजे ज्या जागेवर भाचा बसलाय ती जागा. स्टेशनचा बाक. कनेक्शनचं आपल्या बाजूचं टोक. इथे एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवा, चारचं सॉकेट वेगळं आणि सहाचं सॉकेट वेगळं, स्टेशनच्या बाकावर बसून बसमधले मामा दिसत नाहीत.

मामांची गाडी चुकली, ते बसने निघाले. मामांच्या दृष्टीने प्रवास एकच आहे, निघाले सुरतेहून पोचायचं अमळनेरला. पण तुमच्या बाजूने काय बदललं? वाट बघायची जागाच बदलली. भाच्याला स्टेशनवरून उठवून बस स्टँडवर बसवायला पाहिजे, आणि ते कोणी केलं नाही तर मामा स्टँडवर बॅगा घेऊन उभे, भाचा स्टेशनवर चहा पितोय, आणि तुम्ही मंडपात म्हणताय अजून फोन कसा नाही आला. कोणाचीच चूक नाही, कोणी खोटं बोललेलं नाही, तरी सगळे अडकलेले. माझा डबा नेमका असाच अडकला होता.

## पत्ता लागला नाही हे कळतं कसं

दोन तऱ्हेने, आणि दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिली तऱ्हा, लगेच नकार. तिकडून किंवा वाटेतल्या राउटरकडून ताबडतोब उत्तर येतं की इथे कोणी नाही, किंवा या बाजूला रस्ताच नाही. काही मिलिसेकंदात विषय संपतो.

दुसरी तऱ्हा, गप्प बसणं. तुम्ही हाक मारली आणि तिकडून ओ पण नाही, नाही पण नाही. वाटेतल्या कुठल्यातरी फायरवॉलने, म्हणजे नको ते अडवणाऱ्या नाक्याने, पॅकेट (पाठवलेला माहितीचा तुकडा) गिळलं. मग मशीन काय करतं, परत हाक मारतं, १ सेकंदाने, मग २, मग ४, मग ८, असं दुप्पट दुप्पट करत. लिनक्समध्ये वर्षानुवर्षं सहा वेळा परत हाक मारायची हे डिफॉल्ट राहिलं, म्हणजे बेरीज करा, १ अधिक २ अधिक ४ करत शेवटच्या ६४ पर्यंत, १२७ सेकंद. दोन मिनिटांच्या वर. एवढा वेळ कोण थांबतो, तोवर माणूस अ‍ॅप काढून टाकतो आणि वर एक स्टार देतो.

२०११ साली ८ जूनला गूगल, फेसबुक, याहू अशा मोठ्या मंडळींनी एक दिवसासाठी सहा चालू करून बघितलं तेव्हा हीच धाकधूक होती, ज्यांच्या घरी सहा आहे असं वाटतं पण पुढे रस्ता तुटलेला आहे त्यांचं काय होणार. पुढच्या वर्षी ६ जून २०१२ ला कायमचं चालू केलं तोवर यावर एक युक्ती लिहून तयार झाली होती.

## दोन लाइनी लावायची युक्ती

भुसावळ स्टेशनवर तिकिटाला गर्दी असली की आपण काय करतो? नवरा एका लाइनीत, बायको दुसऱ्या लाइनीत. ज्याचा नंबर आधी लागेल त्याने तिकीट काढायचं, दुसऱ्याने लाइन सोडायची. बस, एवढंच.

या युक्तीला नाव आहे हॅपी आयबॉल्स. विचित्र नाव आहे, पण या धंद्यात वापरणाऱ्या लोकांना आयबॉल्स म्हणायची पद्धत आहे, तर वापरणारा खुश राहावा म्हणून हे. एप्रिल २०१२ मध्ये डॅन विंग आणि अँड्र्यू युर्टचेन्को यांनी ते कागदावर आणलं, डिसेंबर २०१७ मध्ये सुधारून दुसरी आवृत्ती आली.

फक्त एक बारकावा आहे, दोघं एकदम लाइनीत लागत नाहीत. आधी सहाला उभं करतात आणि थोडं थांबतात, दुसऱ्या आवृत्तीत सुचवलेला आकडा २५० मिलिसेकंद, म्हणजे पाव सेकंद. कर्ल नावाची प्रसिद्ध लायब्ररी (लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड) डिफॉल्ट २०० मिलिसेकंद थांबते. तेवढ्यात सहा लागला तर चारला हात लावायचा नाही. नाही लागला तर सहाला न उठवता चारलाही लाइनीत लावायचं, आणि मग जो आधी पोचेल तो. सहाकडून मधेच स्पष्ट नकार आला तर पाव सेकंदही थांबायचं नाही, लगेच चार.

वापरणाऱ्याला काही कळत नाही, पान उघडतं, विषय संपला. शेठच्या मोबाईलवर व्हिडिओ पळत होते ते यामुळेच. नवीन राउटर घरात सगळ्यांना सहाचे पत्ते वाटत होता पण त्याच्या पुढे सहाचा रस्ताच जोडलेला नव्हता, मोबाईल निमूट चारवर पडत होता. माझा डबाही चारवर पडत होता. पण पडल्यावर उठत नव्हता.

## बिल्ला नंबर सात

आता खऱ्या मुद्द्यावर येऊ. इथे जरा सावकाश वाचा, मला दोन दिवस लागलेत.

ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक उघड्या सॉकेटला एक नंबर देते. याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात, आपण बिल्ला म्हणू, रेल्वे स्टेशनच्या सायकल स्टँडवर पत्र्याचा बिल्ला मिळतो ना, तसा. स्टँडवाला काय करतो, खिळ्यावर जो सर्वात लहान मोकळा नंबर टांगलेला असेल तो देतो. युनिक्स जातीच्या सिस्टिममध्ये हा अगदी लिखित नियम आहे, उपलब्ध असलेला सर्वात लहान नंबर द्यायचा. ०, १, २ हे आधीच राखीव असतात, पुढचे वाटले जातात.

माझ्या डब्यात काय घडत होतं ते बघा. सहासाठी सॉकेट उघडलं, बिल्ला मिळाला ७. माझ्या प्रोग्रॅमने आपल्या वहीत लिहिलं "७ वर लक्ष ठेवतोय" आणि सिस्टिमच्या पहारेकऱ्याला सांगितलं की ७ वर काही हललं की हाक मार. लिनक्समध्ये या पहारेकऱ्याचं नाव ईपोल. नव्या राउटरने ताबडतोब सांगितलं की सहाचा रस्ता नाही. सॉकेट ७ बंद झालं, बिल्ला परत खिळ्यावर. लगेच चारसाठी नवीन सॉकेट उघडलं. सर्वात लहान मोकळा नंबर कोणता? ७.

कनेक्शन जोडायला मी जी लायब्ररी वापरतो तिने मला रीतसर दोन निरोप दिले होते, "७ काढ" आणि "७ घाल". पण मी हुशारी केली होती. दर निरोपाला पहारेकऱ्याकडे पळायला नको, वेळ वाचेल, म्हणून मी निरोप साठवायचो आणि शेवटी वहीचा आधीचा आणि नंतरचा हिशोब ताडून बघायचो. आधी वहीत ७, नंतर वहीत ७. काहीच बदललं नाही, जाऊ दे. त्या माझ्या चार ओळी.

बदललं नाही कसं? सायकल वेगळी होती! बिल्ला तोच, सायकल दुसरी. आणि ईपोल बिल्ल्यावर नाही, सायकलीवर लक्ष ठेवतो, जुनं सॉकेट बंद झालं त्या क्षणी त्याने ते आपल्या यादीतून आपोआप काढून टाकलं होतं. म्हणजे वहीत पहारा चालू, प्रत्यक्षात पहारा उठलेला. चारचं कनेक्शन लागलं, सर्व्हर तिकडे तयार, पण मला हाक मारणारा कोणी नाही. गोल गोल.

आणि यातली सगळ्यात वात आणणारी गोष्ट ऐका. आमच्या जळगावच्या ऑफिसात मी फॉलबॅक टेस्ट केला होता. खरंच केला होता. सहाचं पॅकेट गिळणारी फायरवॉल लावून. तिथे सहा गप्प बसायचं, पाव सेकंदाने चार सुरू व्हायचं, पण तेव्हा सहाचं सॉकेट अजून उघडंच, बिल्ला ७ त्याच्याकडे, म्हणून चारला मिळायचा ८. वेगळा नंबर, वहीत फरक दिसायचा, सगळं सुरळीत. म्हणजे नेटवर्क जास्त वाईट असेल तिथे माझा प्रोग्रॅम चालायचा आणि जिथे राउटर शहाण्यासारखं लगेच "नाही" म्हणायचा तिथे मरायचा. हे असलं डोक्यात यायला किती वेळ लागतो तुम्हीच सांगा.

उलटा प्रकारही होतो. "७ काढ" हा जुना निरोप उशिरा पोचला आणि तोवर नवीन ७ बसलेला असला, तर तुम्ही जुन्याच्या नावाने नव्याला हाकलता. पहारेकरी एका हाकेत दहा-बारा घडामोडी एकदम सांगतो, पहिली घडामोड हाताळताना तुम्ही एखादं सॉकेट बंद करून टाकलंत तर त्याच यादीत पुढे त्याच बंद झालेल्या सॉकेटची बातमी वाट बघत असू शकते, आणि तोवर तो नंबर दुसऱ्याला गेलेला असेल तर एकाची बातमी दुसऱ्याच्या गळ्यात.

उपाय साधा आहे, बिल्ल्यावर विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक प्रयत्नाला स्वतःचा वेगळा चढता क्रमांक द्यायचा जो परत कधीच वापरला जाणार नाही, पहारेकऱ्याकडे नाव नोंदवताना बिल्ल्याच्या जोडीला हा क्रमांक द्यायचा, आणि बातमी आली की आधी बघायचं हा प्रयत्न अजून जिवंत आहे का. आणि "काढ" म्हटलं की काढायचं, "घाल" म्हटलं की घालायचं, मधे हुशारी नाही. मी जी वेळेची बचत करत होतो ती बहुतेक दिवसाला एका सेकंदाचीही नसेल.

## एक कनेक्शन म्हणजे एक सॉकेट, असं कोणी सांगितलं?

बिल्ल्याचा घोळ हा एक नमुना झाला. मूळ गैरसमज मोठा आहे. आपण मनात धरतो की एक कनेक्शन मागितलं म्हणजे एक सॉकेट उघडणार, कॉलबॅक एकदा "उघडलं" म्हणणार, शेवटी एकदा "बंद" म्हणणार. फॉलबॅक आला की हे मोडतं. एका मागणीसाठी उघडल्याचा कॉलबॅक दोनदा, तीनदा, सर्व्हरचे जितके पत्ते असतील तितक्यांदा येऊ शकतो, आणि मधे एखादं बंद झाल्याचाही.

मी बघितलेला एक प्रोग्रॅम पहिल्या "बंद" ला कनेक्शन तुटलं समजून स्क्रीनवर लाल पट्टी दाखवायचा, तेवढ्यात चार लागायचं आणि डेटा यायला लागायचा, पण लाल पट्टी तशीच. मुनीम म्हणे नेट नाही, मालक म्हणे वजन तर आलंय. एक गाडी चुकली म्हणजे मामांनी लग्नच रद्द केलं असं धरण्यातला प्रकार. दुसऱ्या एकाने सॉकेट ठेवायला एकच चल, म्हणजे व्हेरिएबल, ठेवलेला, जे शेवटी उघडलं ते त्यात. आता सहा आधी सुरू झालं, पाव सेकंदाने चार सुरू झालं, आणि नंतर सहाच जिंकलं तर? चलात चारचं सॉकेट, जे बंद झालंय. शेवटी उघडलेलं आणि जिंकलेलं एकच असेल असं नसतं.

काही लायब्ऱ्या सॉकेट उघडताच, जोडायच्या आधी तुमचं फंक्शन बोलावतात, काही खास सेटिंग लावायची असेल तर लावा म्हणून. इथे लोक सहाचं सेटिंग डोळे झाकून चारच्या सॉकेटवर लावतात. सिस्टिम एरर देते, फंक्शन "जमलं नाही" म्हणून परत येतं, आणि लायब्ररी समजते की तुम्हालाच हे कनेक्शन नको आहे. चांगला चालणारा चारचा रस्ता तुम्ही स्वतःच बंद केला. आधी विचारायचं बाबा तू कुठल्या फॅमिलीतला, मग सेटिंग. जागेचंही तसंच, चारचा पत्ता मेमरीत १६ बाइटच्या खोक्यात बसतो, सहाला २८ लागतात. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, पत्त्याच्या रकान्याला १५ अक्षरं ठेवलीत तर चारला पुरतात, सहाचा पूर्ण पत्ता ३९ अक्षरांपर्यंत जातो, तो अर्धा कापला जाणार आणि मग कोणाशी बोललो होतो ते शोधत बसा.

अजून एक फसवी गोष्ट. सॉकेट "लिहायला तयार" झालं म्हणजे कनेक्शन लागलं असं सगळ्यांना वाटतं. नाही. अपयश आलं तरी ते "तयार" च म्हणतं. भाच्याचा फोन आला म्हणजे मामा आलेच असं नाही, गाडी रद्द झाली हे सांगायलाही तो फोन करेल. फोन उचलून विचारायला लागतं, म्हणजे सॉकेटला त्याची साठलेली एरर विचारायची, शून्य असेल तरच पुढे.

आणि टायमर, तो तर हमखास विसरतात. सहा गप्प बसलंय तेव्हा कुठलंच सॉकेट हलत नसतं, मग हाक कोण मारणार? फक्त घड्याळ. लायब्ररी सांगते मला २०० मिलिसेकंदांनी उठव, तुम्ही ते ऐकलं नाहीत आणि फक्त सॉकेट हलायची वाट बघत बसलात, तर दुसरी लाइन लागतच नाही.

## "अरे मग सहा बंदच करून टाक ना"

हा सल्ला मला शेठच्या भाच्याने तिथल्या तिथे दिला, कुठेतरी व्हिडिओत बघितलेलं. आणि खरं सांगतो, त्या दिवशी संध्याकाळी काटा चालू करायला मी तेच केलं, बाहेर चौदा ट्रॅक्टर उभे होते.

पण तो उपाय नाही, ती मलमपट्टी. चारचे पत्ते संपलेत, बऱ्याच मोबाईल नेटवर्कवर फोनला खरा पत्ता सहाचाच मिळतो आणि चार हा वरून चढवलेला मुलामा असतो. अ‍ॅपलने १ जून २०१६ पासून नियमच केला की नुसत्या सहाच्या नेटवर्कवर जे अ‍ॅप चालत नाही ते त्यांच्या स्टोअरवर घेणार नाही. मी एका डब्यावर सहा बंद केलं, बाकी गावोगावच्या डब्यांवर कोण जाणार? आणि चूक सहाची नव्हतीच. एकाच सर्व्हरचे चारचेच दोन पत्ते असते आणि पहिल्याने लगेच नकार दिला असता तरी बिल्ला ७ चा हाच खेळ झाला असता.

## "लायब्ररी सगळं बघते, आपल्याला काय"

बरंचसं बघते, हे मान्य. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ३.८ पासून ही दोन लाइनींची सोय मागितली तर मिळते, नोडमध्ये (जावास्क्रिप्ट चालवायचं साधन) २० व्या आवृत्तीपासून ती आपोआप चालू असते. साधं अ‍ॅप लिहिणाऱ्याने खालच्या थराला हात न लावणंच बरं, हे मी पण पोरांना सांगतो.

पण नोडचीच गोष्ट बघा. १७ व्या आवृत्तीत त्यांनी नावाचं उत्तर ज्या क्रमाने येतं त्याच क्रमाने वापरायचं ठरवलं, त्याआधी चार पुढे केलं जायचं. झालं, स्वतःच्याच मशीनवर "लोकलहोस्ट" म्हटलं की सहाचा पत्ता पुढे येऊ लागला, सर्व्हर मात्र चारच्या १२७.०.०.१ वरच ऐकत बसलेला, आणि काल चालणारं आज "नकार" देऊ लागलं. कित्येकांनी आपलं डोकं फोडून घेतलं. कोडची एक ओळ बदलली नव्हती, फक्त लाइनीत कोण पुढे ते बदललं होतं. लायब्ररी बघते म्हणजे तिने काय ठरवलंय ते तुम्हाला माहीत असायला लागतं, निदान काही बिघडल्यावर तरी.

## "दोन-दोन सॉकेट उघडून सर्व्हरवर लोड नाही येत?"

थोडा येतो, पण फार थोडा. दुसरी लाइन लागते ती पहिली रेंगाळली तरच, म्हणून तर तो पाव सेकंद ठेवलाय. हरलेलं सॉकेट ताबडतोब बंद करायचं, ते केलं नाही तर मात्र बिल्ले संपत जातात आणि चार-सहा दिवसांनी डबा नवीन काही उघडायलाच नकार देतो.

## टेस्ट कसं करायचं

आता मी तीन तऱ्हेने करतो. फायरवॉलमध्ये सहाचं पॅकेट गिळायचं, म्हणजे गप्प बसणारं नेटवर्क. मग गिळायच्या ऐवजी नकार परत पाठवायचा, जे मी आधी केलं नव्हतं, आणि नकार एकदा लगेच तर एकदा शंभर-दीडशे मिलिसेकंद उशिरा द्यायचा. आणि तिसरं, सहा चालू ठेवून फक्त मंद करायचं, इतकं की चार सुरू झाल्यावर सहा जिंकेल. तिन्ही वेळा प्रत्येक प्रयत्नाचा क्रमांक, बिल्ला आणि फॅमिली लॉगमध्ये छापायची. ७ हा बिल्ला लागोपाठ दोन वेगळ्या क्रमांकांपुढे दिसला आणि तरी वजन पोचलं, की मी झोपायला जातो.

चौथी एक तऱ्हा आहे जिथे यातलं काहीच कामाला येत नाही. सहाचं कनेक्शन लागतं, लाइन जिंकली म्हणून चारला घरी पाठवून झालं, आणि मग पहिलं मोठं पॅकेट वाटेत अडकतं, कारण सहामध्ये मधला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही, तो फक्त "मोठं आहे" असा निरोप मागे पाठवतो, आणि कोणीतरी तो निरोपच अडवून ठेवलेला असतो. मामा स्टेशनात उतरले, भाच्याने फोन केला, सगळं रीतसर, फक्त मामांची मोठी ट्रंक डब्याच्या दारातून बाहेरच निघत नाहीये. नंदुरबारकडच्या एका काट्यावर सध्या असंच काहीतरी चाललंय असा मला संशय आहे, रविवारी जाऊन बघणार आहे.